वळण, कित्ता आणि खर्डा

मराठीत ‘वळण’ हा शब्द तीन ठिकाणी सारख्याच सहजतेने वावरतो. घाटाला वळण असते, अक्षराला वळण असते आणि मुलांना वळण लावायचे असते. घाटाचे वळण डोंगर ठरवतो. अक्षराचे आणि मुलांचे वळण मात्र मोठी माणसे ठरवतात, असा आपला समज असतो. ‘कित्ता गिरवणे’ हा वाक्प्रचारही असाच दुहेरी आहे. पाटीवर गिरवला तर तो अभ्यास ठरतो, साहित्यात गिरवला तर आक्षेप. मुलांना अक्षर शिकवताना आपण त्यांच्यापुढे कित्ता ठेवतो आणि चार-पाच वर्षांनी त्याच मुलांकडून ‘स्वतःचे’ लेखन मागतो. या दोन मागण्यांमधले अंतर मुलाने कसे ओलांडावे, हे सहसा कोणी सांगत नाही. गेली चारेक वर्षे अंबाजोगाईत, आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती, आम्ही या प्रश्नाशी झटत आहोत. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

आम्ही दोघेही मराठीचे शिक्षक. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमची मुलगी आठ वर्षांची होती आणि मुलगा पाच. पुढे २०२१-२२ मध्ये शाळा टप्प्याटप्प्याने उघडल्या, तोवर दोघांनाही घरी शिकण्याची एक लय सापडली होती आणि ती मोडावी असे आम्हाला वाटले नाही. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आहे, पण घरी शिकणाऱ्या मुलाचा थेट विचार नाही. अशा मुलांसाठी मुक्त विद्यालयाच्या परीक्षा आहेत, किंवा ज्याला सगळा महाराष्ट्र ‘१७ नंबरचा फॉर्म’ म्हणून ओळखतो तो भरून दहावीला बसण्याची वाट आहे. वाट कोणतीही धरली तरी शेवटी तीन तास हाताने लिहायचेच असते. म्हणजे हस्ताक्षराचा प्रश्न आमच्या घरात केवळ सौंदर्याचा नव्हता.

शिवाय आम्ही राहतो बीड जिल्ह्यात. येथे ‘मूल शाळेत जात नाही’ या वाक्याचा अर्थ बहुधा वेगळाच असतो. दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मुले सोबत निघाली की त्यांची शाळा फडावरच्या कोपीत विरघळून जाते. मुलांनी गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे चालवली जातात, पण सगळीच मुले तेथे राहत नाहीत. आमच्या शेजारचा एक मुलगा लहानपणी दोन हंगाम असाच गेला होता. आता तो आजीजवळ राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो आणि संध्याकाळी आमच्या टेबलाशी येऊन बसतो. आमची मुले शाळेबाहेर आहेत ती आमच्या निवडीने. तो होता तो कोणाच्याच निवडीने नव्हे. हे तिघे एकाच टेबलावर लिहायला बसतात, तेव्हा ‘घरी शिकणे’ हा शब्द उच्चारताना आमची जीभ जरा जपून वळते.

तिघांची अडचण एक नव्हती. मुलीच्या डोक्यात वाक्यांची झुंबड असे. ती तोंडाने सांगू लागली की आम्ही ऐकत राहावे. लिहायला बसली की तिसऱ्या ओळीवर पेन्सिल टेकवून गप्प. वेलांटी पहिली की दुसरी, या एका शंकेपाशी तिचे अख्खे वाक्य अडून मरे. शेजारच्या मुलाचे नेमके उलट. त्याचे अक्षर पाहत राहावे असे. शाळेत त्याला फळ्यावरचा सुविचार लिहायला उभे करीत. पण त्याला निबंध सांगितला की तो गाईडमधला उतरवून आणी. पावसाळ्यातील एक दिवस, मी मुख्यमंत्री झालो तर, पुस्तकाचे मनोगत: सारे नितळ, रेखीव, आणि त्यातले एकही वाक्य त्याचे नाही. धाकटा या दोघांच्या मध्ये बसून दोघांचे पाहून लिही. एकीला कित्ता जाचत होता आणि दुसरा कित्त्याच्या आड लपत होता.

अंबाजोगाईत लेखनाबद्दल बोलताना दासोपंतांना वगळून चालत नाही. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ येथला की आंभोऱ्याचा, हा वाद अभ्यासकांनी बराच घातला आहे आणि आमच्या वाचकांना तो ठाऊकच असेल. दासोपंतांच्या पासोडीबद्दल मात्र असा वाद नाही. इ. स. १५५१ ते १६१५ या काळातला हा कवी. त्याने सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर पंचीकरणाचा विषय ओवीबद्ध लिहून काढला आणि ते कापड अंबाजोगाईत जपलेले आहे. रोज ढब्बू पैशाची शाई संपेल इतके ते लिहीत, अशी आख्यायिका आहे. पासोडीची हकीगत मुलांना सांगितली तेव्हा तिन्ही मुलांचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नव्हता. ‘कापडावर खोडरबर चालत नाही, मग चुकलं की काय करायचे?’ असे त्यांनी विचारले. या प्रश्नाने आमच्या शिकवण्याला पुढची दिशा दिली, असे म्हणायला हरकत नाही. कारण ज्याला पुसता येत नाही असे लिहायचे, तर एक तर हात पूर्ण बसलेला हवा, नाहीतर आधी दुसरीकडे कोठेतरी मनसोक्त खरडून पाहिलेले हवे. कित्ता पहिली सोय करतो. दुसरी सोय आमच्या शिक्षणात कोठे आहे?

इंग्रजी शाळांतून मुलांना चौरेघी वहीत कर्सिव्ह शिकवतात. हात न उचलता शब्द पुरा करायचा, हे त्याचे तत्त्व. जगात या लेखनाचे दिवस खालीवर होत आले आहेत. फिनलंडने २०१६ पासून जोडून लिहिण्याची सक्ती काढली. उलट कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२३ मध्ये कायदा करून ते प्राथमिक शाळांत परत आणले. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या संशोधकांनी ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचा अभ्यास जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. टंकलेखनापेक्षा हाताने लिहिताना मेंदूचे विविध भाग परस्परांशी अधिक व्यापकपणे जोडले जातात, असे त्यांना दिसले. पालकांच्या मोबाइलवर हा निष्कर्ष ‘कर्सिव्हने बुद्धी वाढते’ अशा स्वरूपात फिरला. वस्तुतः तेथे तुलना हात आणि कळफलक यांची होती. जोडलेले अक्षर आणि सुटे अक्षर यांची नव्हती. तेव्हा वळणदार लेखनाच्या बाजूने बोलायचे तर आधार दुसरीकडे शोधायला हवा. आम्हाला तो मराठीच्याच दप्तरात सापडला.

बालबोध देवनागरी सुटी-सुटी लिहावी लागते. काना, मात्रा, वेलांटी, शिरोरेषा यांसाठी एकेका शब्दात हात अनेकदा उचलावा लागतो. हे अडचणीचे आहे, हे कारकुनाला शतकांपूर्वीच कळले होते. मोडी लिपी हा त्यावरचा मराठीचा उपाय. तिचे जनकत्व परंपरा हेमाद्रीपंताकडे देते. ते इतिहासाच्या कसोटीवर उतरो न उतरो, लिपीची रचना मात्र आपले प्रयोजन स्वतःच सांगते. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता लिहीत जायचे. वेलांटी दीर्घच, उकार ऱ्हस्वच. त्यात निवड नाही. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. विरामचिन्हे नाहीत. बोलणाऱ्याच्या वेगाने लिहिणाऱ्याचा हात चालावा, यासाठी जे जे अडेल ते ते या लिपीने बाजूला सारले. विल्यम कॅरीने १८१० मध्ये श्रीरामपूरला छापलेला मराठी कोश मोडी खिळ्यांत होता. पण छपाई पुढे देवनागरीत स्थिरावली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळा-कचेऱ्यांतूनही गेली.

आमच्या भागात तर तिहेरी प्रकार होता. १९४८ पर्यंत अंबाजोगाई निजामाच्या राज्यात, मोमिनाबाद या नावाने. माध्यमिक शिक्षण उर्दूतून, घरची पोथी बालबोधीत, आणि सावकाराचे, कुळकर्ण्याचे दप्तर मोडीत. आजोबांच्या पिढीतल्या कित्येकांच्या एकाच हातात तीन वळणे नांदत होती आणि कोणते वळण कोणासाठी, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदी धुंडाळल्या जाऊ लागल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारे कोणी आहे का, अशी विचारणा गावोगाव सुरू झाली. आम्हा दोघांना हस्तलिखितांच्या अभ्यासापुरती मोडी येत होती. एक-दोघे जुने कागद घेऊन आमच्याकडेही आले. टेबलाशी बसलेल्या मुलांनी ते कागद पाहिले आणि ही लिपी आम्हालाही हवी म्हणून हट्ट धरला.

मोडी शिकायला त्यांना एक पावसाळा लागला. मग आम्ही एक नियम केला: पहिला खर्डा मोडीत, दुसरी प्रत बालबोधीत. पेशवाईतल्या कारकुनाला हे काही नवे वाटले नसते. आम्हाला मात्र यात कित्ता आणि स्वतःचे लेखन यांच्यामधली हरवलेली पायरी दिसली. खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक होऊच शकत नाही, कारण ती लिपी तो भेद मानतच नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ तेथे एकरूप. स्वल्पविराम राहिला, जागा सुटली नाही, असेही कोणी म्हणणार नाही. मुलीच्या बाबतीत याचा परिणाम चार दिवसांत दिसला. योगेश्वरी आणि परळीचा वैजनाथ यांच्या न झालेल्या लग्नाची कथा अंबाजोगाईच्या प्रत्येक मुलाला माहीत असते. मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगडाचे झाले. हत्तीखान्यातले दगडी हत्ती पाहून आल्यावर, त्या वऱ्हाडातल्या कोणा एकाच्या तोंडून काही लिहा, असे आम्ही सुचवले. तिने एका बैठकीत दोन पाने मोडी लिहिली. त्यातले एक वाक्य असे होते: ‘मी दगड झाले तेव्हा माझ्या तोंडात अजून खारीक होती.’ हे वाक्य वेलांटीपाशी अडले असते, तर त्या खारकेपर्यंत ते कधीच पोचले नसते.

खरे शिक्षण पुढच्या पायरीवर घडते, असा आमचा अनुभव आहे. खर्ड्याची बालबोध प्रत करताना लिहिणाऱ्याला आपलाच मजकूर परक्यासारखा वाचावा लागतो. शब्द कोठे संपतो, येथपासून निर्णय. दुसऱ्या एका खर्ड्यात मुलीने एका लाजाळू पोरीबद्दल लिहिले होते, ‘पाहुणे आले की घरात ती लपते.’ मोडीत हे सारे सलग. धाकट्याने ते मोठ्याने वाचले, ‘घरातील पते’, आणि ‘पते म्हणजे काय ताई?’ असे विचारले. सगळे हसले. पण मुलगी वही ओढून घेऊन बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसली. तिच्या लक्षात आले की ‘ती’ कोण, हेही आपण सांगितलेले नाही. संपादन, पुनर्लेखन असे मोठे शब्द न वापरता ती त्या दुपारी तेच करीत होती. शुद्धलेखनाचे नियम तिला प्रथमच आपल्या बाजूचे वाटले असावेत. कारण आता ते तिच्या वाक्याच्या वाटेत उभे नव्हते, ते वाक्य दुसऱ्यापर्यंत नेत होते.

रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. तो आम्ही मुलांबरोबर पुन्हा वाचला. अक्षरे सारखी, सुटी, काळीभोर असावीत. ग्रंथाचे पहिले आणि शेवटचे अक्षर एकाच वळणाचे दिसावे. भोवती जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर झिजणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी कामाला येत नाही, हेही बजावले आहे. सुलेखनाचा पाठ म्हणून हा समास नेहमी सांगितला जातो. आम्हाला त्यात प्रत्येक सूचनेमागे एक वाचणारा उभा दिसतो: पुढचा, परका, म्हातारा झालेला, कदाचित स्वतः लेखकच. बालबोध अक्षराची शिस्त ही अशी दुसऱ्यासाठी आहे. मोडीची मोकळीक लिहिणाऱ्यासाठी आहे. मुलांना आपण शिस्त आधी देतो आणि मोकळीक पुढे केव्हातरी आपोआप येईल म्हणून सोडून देतो. ती बहुतेकांना येत नाही. ती शिकवावी लागते, आणि शिकवण्यासाठी तिला वहीत एक जागा द्यावी लागते, हे आमचे म्हणणे आहे.

ज्यांना मोडी शिकवणे शक्य नाही, त्यांनी काय करावे? ज्या वहीत लाल शाई कधीच उतरणार नाही अशी एक वही आणि वेगाने लिहिण्याची सवय, एवढ्यानेही बरेच साधेल. मोडीला पर्याय नाही, असा आमचा आग्रह नाही. पण ज्या भाषेला घाईच्या लेखनासाठी स्वतंत्र लिपी घडवावीशी वाटली, त्या भाषेच्या मुलांनी शाळेत खर्डा हा शब्दही ऐकू नये, याचे आश्चर्य वाटते. आपल्या निबंधाच्या वहीत फक्त प्रत असते. खर्डा नसतो. म्हणून तर गाईड लागते.

शेजारच्या मुलाची गोष्ट मात्र या सिद्धान्तात पुरती बसत नाही. आईबापांना पत्र लिहायला सांगितले तेव्हा त्याने बालबोधीत सुरेख अक्षरांत पत्राचा ठरलेला नमुना उतरवला: साष्टांग नमस्कार, मी येथे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी. मग त्याने मोडीची वही काढली आणि अर्धा तास मान वर केली नाही. आम्ही वाचायला मागितले तेव्हा त्याने एकच ओळ दाखवली, बाकीवर हात ठेवला. ती ओळ अशी: ‘मला उसाचा वास आवडत नाही पण गाडी परत आली की आवडतो.’ याची प्रत करू या, म्हटले तर त्याने नकार दिला. शाळेत नाही, आजीला नाही, कोणालाच वाचता येत नाही, म्हणूनच त्याने ते लिहिले होते.

आमच्या दोघांत यावर पुष्कळ बोलणे झाले. एकाचे म्हणणे, वाचकापर्यंत न पोचणारे लेखन अपुरे. रामदासांचा सगळा समास त्याचसाठी आहे. दुसऱ्याचे म्हणणे, ज्या मुलाच्या वर्षाचे महिने मुकादमाच्या उचलीने ठरतात, त्याच्याजवळ निदान एक गोष्ट अशी असावी की ती कोणाला कधी द्यायची हे तो ठरवील. या वादात कोणी जिंकले नाही. त्याच्या वहीला आम्ही पुन्हा हात लावला नाही. तो मात्र लिहीत राहिला आणि गाईड आणणे हळूहळू थांबले. शाळेतल्या निबंधात त्याला आता पूर्वीपेक्षा गुण कमी पडतात. वाक्ये अडखळतात, पण ती त्याची असतात. गुणांचा हा तोटा त्याला परवडणारा आहे का, हा प्रश्न आम्हाला छळतो. आमच्या मुलीला १७ नंबरच्या फॉर्मनंतरही दुसरी दारे आहेत. त्याला दहावीचे एकच दार आहे. म्हणून परीक्षेपुरती प्रत कशी करायची, हेही आम्ही त्याला वेगळे, घड्याळ लावून शिकवतो. तो ते निमूटपणे शिकतो.

गेल्या हंगामात त्याचे आईवडील पाडव्याच्या सुमारास परतले. त्यांच्यापैकी कोणाला मोडी येत नाही. आईला तर बालबोधही येत नाही. आजीने नंतर सांगितले की रात्री दिव्याखाली बसून तो आईला वहीतून काहीबाही वाचून दाखवीत होता. काय वाचले ते आजीने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. यंदा दिवाळीच्या आधी तो नवी वही मागायला आला. आम्ही दुरेघी पुढे केली तर ती परत सरकवून म्हणाला, ‘कोरीच द्या काकू. रेघ मी वढतो माझी.’